बुडवलेली जहाजे आणि उरलेली बाकी

मागची दोन व्याख्याने 'कर्तव्य' या कल्पनेवर झाली. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवले, की विषय चांगला होता, पण सगळे हवेत राहिले, हाताला काही लागले नाही. तक्रार रास्त आहे. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची ही जुनी खोड. म्हणून आज एकच प्रसंग घेऊन बसणार आहे आणि शेवटपर्यंत तो सोडणार नाही.

प्रसंग आहे सप्टेंबर 1854 मधला. ठिकाण, क्रिमियातले सेवास्तोपोल हे बंदर. शत्रू शहराकडे चालून येतो आहे. एका आरमारी सेनानीपुढे दोन वाटा आहेत. जहाजे घेऊन बाहेर पडायचे आणि समुद्रात लढायचे, किंवा तीच जहाजे बंदराच्या तोंडाशी आपल्या हातांनी बुडवून शत्रूची वाट बंद करायची. जहाजे बुडवली गेली. शहर 349 दिवस लढले. ही गोष्ट तेव्हापासून 'महान त्याग' म्हणून सांगितली जाते.

माझा आक्षेप त्या शब्दाला आहे. निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे उगाच उत्सुकता ताणायला नको. निर्णय बहुधा बरोबरच होता. पण बरोबर निर्णयाचीसुद्धा काही बाकी उरते. भागाकारात उरते ना, तशी. आणि 'त्याग' म्हटले, की ती बाकी कुणाच्या नावावर मांडायची हे बघायचे आपण सोडून देतो.

आधी हकिगत नीट समजून घेऊ. तारखा मी आजच्या कालगणनेने सांगतो. रशियात तेव्हा जुनी कालगणना होती, ती बारा दिवस मागे असे. पुस्तकांत वेगळ्या तारखा दिसल्या तर गोंधळू नका.

रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध 1853 मध्ये सुरू झाले. 30 नोव्हेंबर 1853 ला नाखीमोव या रशियन व्हाइस ॲडमिरलने सिनोपच्या बंदरात उभा असलेला तुर्की जहाजांचा ताफा नष्ट केला. तुर्कस्तान असे कोसळणे ब्रिटनला आणि फ्रान्सला नको होते. मार्च 1854 मध्ये दोघेही युद्धात उतरले. पुढे त्यांचे लक्ष्य ठरले सेवास्तोपोल, कारण रशियाच्या काळ्या समुद्रावरच्या आरमाराचा मुख्य तळ तिथे होता. 14 सप्टेंबरला त्यांचे सैन्य क्रिमियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागले, तुर्की तुकड्या धरून सुमारे 60 हजार माणसे. 20 तारखेला आल्मा नदीवर लढाई झाली आणि रशियन सेनापती प्रिन्स मेन्शिकोव हरला. आता शत्रू आणि शहर यांच्यामध्ये थोड्या मजला तेवढ्या उरल्या.

शहराची अवस्था काय होती? समुद्राच्या बाजूने दगडी तटबंदी आणि तोफा. जमिनीच्या बाजूने बरेचसे उघडे. आरमारासाठीच वसवलेले शहर ते, धोका समुद्राकडून येणार हे गृहीत धरलेले.

आता मुख्य पात्र. व्लादिमीर कोर्निलोव, व्हाइस ॲडमिरल, या आरमाराचा चीफ ऑफ स्टाफ, वय 48. कोर्निलोव, नाखीमोव आणि इस्तोमिन हे सेवास्तोपोलचे तिन्ही सेनानी एकाच गुरूचे, लाझारेवचे चेले. 1827 च्या नवारिनोच्या लढाईत तिघेही लाझारेवच्या 'अझोव' या जहाजावर होते. आता गंमत बघा. त्या लढाईत रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स एकाच बाजूला होते. ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टनचे निशाणाचे जहाज होते 'एशिया', आणि ते बांधलेले होते आपल्या मुंबईच्या गोदीत, 1824 साली. म्हणजे ज्यांच्या शेजारी उभे राहून या तिघांनी लढाई पाहिली, तेच सत्तावीस वर्षांनी तोफा घेऊन दारात आले होते.

21 सप्टेंबरला कोर्निलोवने आरमारातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची आणि कप्तानांची बैठक बोलावली. त्याचा प्रस्ताव साधा होता आणि भयंकर होता. बाहेर पडायचे, शत्रूच्या जहाजांवर तुटून पडायचे, आणि जिंकता आले नाही तर शत्रूला भिडून त्याच्यासकट उडून जायचे. शत्रूचे आरमार मोडले तर किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याची रसद तुटेल, हा त्यामागचा हिशेब. बहुतेकांना तो पटला नाही. रशियाची मोठी लढाऊ जहाजे सगळी शिडांची. समोर 'आगामेम्नॉन', 'नेपोलियन' यांच्यासारखी वाफेवर आणि स्क्रूवर चालणारी जहाजे. वारा पडला की शिडाचे जहाज जागच्या जागी उभे. वाफेचे जहाज हव्या त्या बाजूने येणार आणि तोफा डागणार. झोरिन नावाच्या कप्तानाने दुसरी वाट मांडली. जुनी जहाजे बंदराच्या तोंडाशी बुडवा आणि माणसे जमिनीवर आणा.

कोर्निलोव मानला नाही. बैठक मोडून तो मेन्शिकोवकडे गेला. मेन्शिकोवचा कौल बुडवण्याच्या बाजूने पडला. कोर्निलोवने हुकूम मानायला नकार दिला. त्यावर मेन्शिकोवने सांगितले, की मग तुम्ही निकोलायेवला आपल्या जागेवर जा, हे काम मी दुसऱ्याकडून करून घेतो. इथे कोर्निलोव थांबला. तुम्ही मला करायला लावता ती आत्महत्या आहे, पण शत्रूने घेरलेले सेवास्तोपोल सोडून मी जाणार नाही, हुकूम मानतो, अशा अर्थाचे त्याचे बोलणे नोंदले गेले आहे.

23 सप्टेंबरला पाच मोठी लढाऊ जहाजे आणि दोन फ्रिगेट बुडवली गेली. त्यांत 'सिलिस्त्रिया' होते, नाखीमोवने वर्षानुवर्षे ज्याची कप्तानी केली ते जहाज. आणि 'त्री स्व्यातितेल्या', म्हणजे 'तीन संत', 120 तोफांचे, सिनोपला लढलेले. भोके पाडली तरी ते बुडेना. शेवटी 'ग्रोमोनोसेत्स' या रशियाच्याच वाफेच्या जहाजाला त्याच्यावर तोफा डागाव्या लागल्या. कोर्निलोवने खलाशांसाठी हुकूमपत्र काढले. त्यात त्याने 1812 च्या मॉस्कोची आठवण दिली, ते जळले म्हणून रशिया मेला नाही, अशी.

हकिगत इतकी. आता प्रश्न, निर्णय फळला का?

फळला. बंदराचे तोंड बंद झाल्यावर दोस्तांच्या आरमाराला आत शिरता येईना. उत्तरेकडून चढाई करायची तर आरमाराचा आधार हवा होता, तो मिळण्याची आशा मावळली. त्यांचे सैन्य वळसा घालून दक्षिणेला गेले आणि बालाक्लावाच्या बंदरात त्यांनी तळ केला. या हालचालीत आणि पुढे तोफा मांडण्यात जे दिवस गेले, तेवढ्यात तोटलेबेन या इंजिनिअरने मातीचे बुरूज उभे केले. खलाशी आपल्या जहाजांवरच्या तोफा घेऊन त्या बुरुजांवर आले. मातीत गोळा रुततो, दगडासारख्या ठिकऱ्या उडत नाहीत, आणि रात्रीतून फावड्याने डागडुजी करता येते. 17 ऑक्टोबरला पहिला मोठा भडिमार झाला. दोस्तांच्या आरमाराला बाहेरूनच मारा करावा लागला आणि बरेच नुकसान सोसून मागे फिरावे लागले. त्याच दिवशी मालाखोव टेकडीवर कोर्निलोव मारला गेला. पुढे मार्चमध्ये इस्तोमिन, जुलैमध्ये नाखीमोव. तिघेही सेवास्तोपोलच्या सेंट व्लादिमीर चर्चमध्ये गुरूच्या शेजारी पुरलेले आहेत.

आता विचाराकडे वळू. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात, तिसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला, समुद्रावरचेच उदाहरण आहे. वादळात सापडलेले जहाज वाचवण्यासाठी लोक माल समुद्रात फेकतात. हे कृत्य स्वेच्छेचे की सक्तीचे? ॲरिस्टॉटल म्हणतो, असे कृत्य मिश्र असते. एरवी आपला माल कुणी फेकणार नाही, पण त्या घटकेला शहाणा माणूस फेकतोच, आणि हात त्याचेच हलतात. म्हणून ते स्वेच्छेच्या अधिक जवळचे.

उदाहरण छान आहे, पण कोर्निलोवला ते पुरत नाही. का पुरत नाही बघा. तिथे माल फेकून जहाज वाचते. माल हे साधन, जहाज आणि माणसे हे मोलाचे. इथे जहाजच फेकायचे आहे. आणि कशासाठी? बंदरासाठी. पण बंदर कशासाठी असते? जहाजांसाठी! सेवास्तोपोलला मोल आले ते आरमारामुळे. दोस्तही तिथे आले ते आरमार नष्ट करायला. म्हणजे शत्रूला जे हवे होते त्याचा पहिला हप्ता रशियाने स्वतःच भरला. माल कोणता आणि जहाज कोणते, हेच इथे ठरत नाही. साध्य आणि साधन यांची अदलाबदल होते, आणि त्यानंतर 'कशासाठी लढतो आहोत' या प्रश्नाचे उत्तर बदलत जाते. आधी आरमारासाठी शहर. मग शहरासाठी आरमार. आणि शेवटी दोन्ही गेल्यावर, अब्रूसाठी.

हा माझा शब्दच्छल वाटत असेल तर पुढचा हिशेब बघा. वादळांनी बंदराच्या तोंडावरचा अडसर खिळखिळा केला, म्हणून फेब्रुवारी 1855 मध्ये आणखी जहाजे बुडवावी लागली. 8 सप्टेंबर 1855 ला मालाखोव पडले. रशियन सैन्य तरंगत्या पुलावरून उत्तरेच्या काठावर गेले आणि जाताना उरलेले आरमारही बुडवून गेले. मार्च 1856 च्या पॅरिस तहाने काळ्या समुद्रावर आरमार ठेवायलाच रशियाला बंदी झाली. ती उठली 1871 मध्ये, ती वाटाघाटींनी. माणसांचे म्हणाल, तर एकट्या रशियाच्या बाजूचे हताहत लाखाच्या घरात जातात.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. ही गोष्ट सांगितली कशी गेली?

पहिले सांगणे स्मारकाचे. सेवास्तोपोलच्या किनाऱ्यालगत पाण्यात खडकावर एक खांब उभा आहे, वर गरुड आहे. 1905 साली, पहिल्या वेढ्याच्या पन्नाशीनिमित्त तो उभारला. शिल्पकार आमांडुस आडामसन. स्मारक देखणे आहे आणि शहराची खूणच होऊन बसले आहे. त्यावरचा लेख काय सांगतो? बंदराची वाट अडवण्यासाठी 1854-55 मध्ये बुडवल्या गेलेल्या जहाजांच्या स्मरणार्थ. वाक्याची रचना बघा. बुडवल्या गेलेल्या. शाळेत आपल्याला कर्मणी प्रयोग शिकवला होता ना, हा तोच. कर्ता नाहीसा होतो. कुणी बुडवली? कुणाच्या हुकमावरून? कुणाच्या विरोधाला न जुमानता? खांबावर त्याला जागा नाही. स्मारकाने इतके सगळे सांगावे अशी माझी अपेक्षा नाही, पण पुढच्या सगळ्या सांगणाऱ्यांनी व्याकरण मात्र स्मारकाचेच उचलले.

दुसरे सांगणे सोव्हिएत काळातले. दुसऱ्या महायुद्धात या सेनानींची गरज पुन्हा भासली. इतिहासकार तार्ले यांचा क्रिमियन युद्धावरचा ग्रंथ त्याच काळातला. ग्रंथ वाचनीय आहे, कागदपत्रांचा व्यासंग दांडगा आहे. पण त्यात एक बाजू उजळ आहे आणि एक काळी. ॲडमिरल मंडळी तेजस्वी, मेन्शिकोव कुचकट आणि निरुत्साही. मेन्शिकोव तसा असेलही. त्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण मग अडचण अशी होते, की ज्या निर्णयाचा आपण गौरव करतो तो निर्णय या काळ्या रंगातल्या माणसाचा आहे, आणि ज्याचा पुतळा आपण उभारतो तो वीर त्या निर्णयाच्या विरुद्ध होता! ही गैरसोय मोठी आहे. ती टाळायची तर एकच उपाय, मतभेद बारीक अक्षरात लिहायचा आणि 'त्याग' मोठ्या अक्षरात. म्हणजे हुकूम कुणी दिला, नकार कुणी दिला, सगळे एका पवित्र धुक्यात जाते.

पुदोव्किन या मोठ्या दिग्दर्शकाने नाखीमोववर चित्रपट केला. 4 सप्टेंबर 1946 च्या कम्युनिस्ट पक्षाच्या ठरावात त्याला झोडपण्यात आले. तक्रार काय होती? चित्रपटात नाच-मेजवान्या फार आहेत, आणि सिनोपला तुर्की सेनानी कैद झाले हे दाखवलेले नाही. चित्रपट दुरुस्त करून मग प्रदर्शित झाला. मला या तक्रारीत रस आहे. सत्तेला इतिहासाकडून काय हवे असते ते तिच्यात उघड दिसते. तिला कैद केलेले शत्रू दाखवायचे असतात. बैठकीतला तो तासभराचा वाद, आपल्याच माणसाने आपल्याच वरिष्ठाला दिलेला नकार, तो पडद्यावर आला नाही म्हणून कुठल्याही सत्तेने आजवर तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

तिसरे सांगणे टॉल्स्टॉयचे. तो नोव्हेंबर 1854 मध्ये तरुण तोफखाना अधिकारी म्हणून तिथे आला आणि 1855 च्या वसंतात चौथ्या बुरुजावर होता. त्याने तीन सेवास्तोपोल-कथा लिहिल्या. पहिलीत देशाभिमान आहे. दुसरीत तो ओसरतो, आणि ती सेन्सॉरने इतकी कापली की लेखकाला ओळखू येऊ नये. टॉल्स्टॉय बैठकीच्या खोलीत जातच नाही. सुरुवातीला तो बंदर दाखवतो, बुडालेल्या जहाजांची डोलकाठ्यांची टोके पाण्याबाहेर आलेली दाखवतो, आणि पुढे आपल्याला थेट जखमींच्या दालनात नेतो. तिथे एका खलाशाची बायको आहे. नवऱ्याचे जेवण बुरुजावर घेऊन जाताना तिच्या पायाला गोळा लागला आणि पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. आहे एवढेच, दोन-चार ओळी. 

पण बघा, माझ्या म्हणण्याचे मर्म तिथे आहे. जहाज बुडाले म्हणून तिचा नवरा बुरुजावर आला. नवरा बुरुजावर आला म्हणून ती जेवण घेऊन गेली. त्या निर्णयाची बाकी तिच्या नावावर आहे. कोर्निलोवने आपले आरमार 'त्यागले' असे म्हणता येईल, कारण ते त्याच्या जिवाचे होते आणि पुढे जीवही त्याने दिला. पण ती बाई? तिने काय त्यागले? तिला कुणी विचारलेच नव्हते. जे आपले आहे ते स्वतः सोडणे म्हणजे त्याग. दुसऱ्याचे घेऊन टाकणे याला दुसरा शब्द पाहिजे, मग ते कितीही आवश्यक असो.

तत्त्वज्ञानात या प्रश्नावर बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश विचारवंताने 1965 मध्ये एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की दोन कर्तव्ये एकमेकांवर आदळतात तेव्हा आपण एक निवडतो, पण दुसरे त्यामुळे खोटे ठरत नाही. ते मागे उरते, आणि खंत बनून उरते. ही खंत बुद्धीची चूक नाही, ती नैतिक समजेची खूण आहे. त्याने उदाहरण घेतले आहे आगामेम्नॉनचे. आरमाराला वारा मिळावा म्हणून मुलीचा बळी देणाऱ्या राजाचे. आणि बघा, सेवास्तोपोलबाहेर उभ्या असलेल्या ब्रिटिश जहाजाचे नावही तेच होते.

पण एवढ्या लांब जायला नको. आपल्याकडे महाभारत आहे. गीतेच्या शेवटी अर्जुनाचा मोह जातो आणि तो लढायला उभा राहतो. बहुतेक प्रवचने तिथे संपतात. महाभारत तिथे संपत नाही. युद्ध जिंकल्यावर शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर बसून राहतो, राज्य नको म्हणतो. भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, व्यास समजावतात. युद्ध धर्म्य होते हे त्याला कळत नाही असे थोडेच आहे? पण बाकी उरली आहे. व्यासांनी ती पुसली नाही, भागाकाराखाली तशीच लिहून ठेवली. मला वाटते, थोर वाङ्मय आणि स्मारकाचा लेख यांतला फरक हाच.

आता स्वतःचा एक लहानसा अनुभव सांगतो. तुलना करायला नको इतका लहान आहे, पण या प्रसंगाकडे मी वळलो तो त्यामुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी विभागप्रमुख होतो. तत्त्वज्ञानाच्या 'स्पेशल'ला मुले कमी. वरून ठरले, स्पेशल बंद करा, म्हणजे जनरलचे पेपर तरी टिकतील. बैठकीत मी विरोध केला, लेखी केला, हरलो. राजीनामा द्यावा असे मनात आले. मग वाटले, आपण गेलो तर हे काम दुसरा कुणी करेल आणि मुलांना नोटीस बोर्डावरून कळेल. म्हणून मीच चारही मुलांना खोलीत बोलावून सांगितले. जनरलचे पेपर टिकले, अजून आहेत. निरोप समारंभात वक्त्यांनी माझ्या 'त्यागा'चा उल्लेख केला. मी काय त्यागले होते? पगार चालू होता. त्या चौघांतली एक मुलगी लांबच्या तालुक्यातून केवळ या विषयासाठी आली होती. तिने मुकाट्याने विषय बदलला. बाकी तिच्या नावावर होती, सत्कार माझा झाला. त्या दिवशी मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

म्हणून कोर्निलोवबद्दल मला आदर वाटतो तो या क्रमासाठी. आधी त्याने आपले मत पूर्ण ताकदीने मांडले, अगदी नकारापर्यंत. मग हुकूम मानला, कारण न मानण्याची किंमत शहराने मोजली असती. आणि मानल्यावर हात आखडता घेतला नाही. 'मी सांगत होतो' म्हणून कोपऱ्यात बसला नाही, बुरुजांच्या कामाला लागला. नाखीमोव वयाने मोठा, सिनोपचा विजेता, पण तो कोर्निलोवच्या हाताखाली काम करायला आनंदाने तयार झाला. मतभेद, आज्ञापालन आणि मनापासून केलेले काम, ही तीन एका माणसात एकत्र राहू शकतात. आपल्याकडे यातले एकच एका वेळी दिसते. विरोध करणारा काम करत नाही आणि काम करणाऱ्याने विरोध केलेला चालत नाही.

मुख्य बोलणे इथे संपवतो. आता आलेले प्रश्न घेतो.

एका श्रोत्याने विचारले आहे, 'याचा भारताशी काही संबंध आला का?' आला, आणि तो आपल्या जवळचा आहे. नानासाहेब पेशव्यांचे वकील अझीमुल्ला खान पेन्शनच्या दाव्यासाठी लंडनला गेले होते. तिथे निराशा झाली. परतताना ते इस्तंबूलला थांबले. 18 जून 1855 चा इंग्रज-फ्रेंचांचा हल्ला फसल्याची बातमी तेव्हा ताजी होती. ज्यांनी या दोघांना परतवले ते रशियन बघायचेत, म्हणून ते क्रिमियात गेले. 'टाइम्स'चा वार्ताहर रसेल याची आणि त्यांची भेट झाली, आणि रसेलने ती लिहून ठेवली आहे. दोन वर्षांनी 1857 उजाडले. इंग्रज हरू शकतात हे एका भारतीयाने तिथे जवळून पाहिले, एवढे खात्रीने म्हणता येते. त्यापुढचे अनुमान ज्याने त्याने बेताने करावे.

दुसरा प्रश्न, 'सेनानीने शहरासोबत मरायलाच हवे का?' अवघड आहे. याच शहराचे दुसरे उदाहरण देतो. 1941-42 मध्ये जर्मनांनी सेवास्तोपोलला वेढा घातला. 250 दिवस शहर लढले. शेवटी, जून संपता संपता, आरमारप्रमुख व्हाइस ॲडमिरल ऑक्त्याब्रस्की परवानगी घेऊन विमानाने बाहेर पडला. इतर वरिष्ठही विमानाने, पाणबुडीने गेले. हजारो सैनिक आणि खलाशी किनाऱ्यावर जहाजांची वाट बघत राहिले आणि कैद झाले. लष्करी हिशेब सांगतो, अनुभवी सेनानी वाचवणे गरजेचे असते. हिशेब खोटा नाही. कोर्निलोव मेला यात शहराचे नुकसानच झाले. म्हणून 'मरायला हवे' असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणेन, की विमानात बसणाऱ्याने किनाऱ्यावर उरलेल्यांना 'त्यागी' म्हणू नये. ते नाव द्यायचा अधिकार त्याने त्या रात्री गमावला.

शेवटचा प्रश्न, 'हे सगळे जुने झाले, आज वाफेची आणि शिडाची जहाजे कुठे आहेत?' शिडे गेली, प्रश्न गेला नाही. मार्च 2014 मध्ये रशियाने 'ओचाकोव' ही जुनी युद्धनौका क्रिमियातल्या डोनुझलाव सरोवराच्या तोंडाशी बुडवली, युक्रेनची जहाजे आत कोंडण्यासाठी. 2022 मध्ये युक्रेनने आपली 'हेत्मान सहायदाच्नी' ही नौका शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच बुडवली. कुठे? मिकोलायिवला. म्हणजे तेच निकोलायेव, जिथे जा म्हणून मेन्शिकोवने कोर्निलोवला सांगितले होते. असे हुकूम आजही निघतात. तिथेही कुणीतरी बैठकीत विरोध केला असेल, कुणीतरी भोके पाडली असतील, आणि कुणाच्या तरी नावावर बाकी उरली असेल. त्यांची स्मारके उभी राहतील तेव्हा त्यांवरचा लेख कर्मणी प्रयोगात आहे का, एवढे बघा.

पुढच्या वेळी शांतिपर्वातल्या युधिष्ठिराकडे सविस्तर वळू. जमल्यास त्याचे पहिले काही अध्याय वाचून या.